प्रथिनांची घडी व पेशीतील गुणवत्ता नियंत्रण : कोकण किनाऱ्यावरील पीएच.डी. संशोधन

पेशीत रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या घटकावर अमिनो अम्लांची साखळी तयार होते. ती ठरावीक त्रिमितीय आकारात दुमडली की मगच प्रथिन कामाला येते. ही घडी बसणे, चुकलेली घडी ओळखून सुधारणे आणि न सुधारणारे प्रथिन मोडीत काढणे, या व्यवस्थेला पेशीतील गुणवत्ता नियंत्रण म्हणतात. कोकणातल्या विद्यार्थ्यांना हा विषय मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातले काही उत्तम प्रश्न ओहोटीच्या खडकावर आणि मासळी बाजारात पडून आहेत.

अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे विकर (एन्झाइम) युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवून, त्याचे गंधकबंध तोडून पूर्ण उलगडले. मग युरिया काढून टाकला आणि बंध पुन्हा जुळू दिले, तेव्हा विकर आपोआप दुमडले आणि पुन्हा काम करू लागले. घडीची सारी माहिती अमिनो अम्लांच्या क्रमातच असते, हा त्याचा अर्थ. त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. साखळीला कोणते कोन घेता येतात हे त्याआधीच, १९६३ मध्ये, मद्रासला जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी आलेखाने दाखवले होते. संगणकाने प्रथिनाचा अंतिम आकार वर्तवण्याच्या कामाला २०२४ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, म्हणून विषय संपला असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. गर्दीने भरलेल्या जिवंत पेशीत साखळी त्या आकारापर्यंत कशी पोचते आणि वाटेत कुठे अडकते, हे अजून बरेचसे उकलायचे आहे.

पेशी या कामी शॅपरोन, म्हणजे घडी नीट बसवायला साहाय्य करणाऱ्या प्रथिनांची मदत घेते. त्यांतली अनेक उष्णता वाढली की जास्त तयार होतात. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीत या प्रतिसादाची पहिली खूण दिसली. सुधारण्यापलीकडे गेलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन हे ७६ अमिनो अम्लांचे छोटे प्रथिन चिकटवले जाते आणि प्रोटिआसोम हे पेशीतले यंत्र त्याचे तुकडे करते (नोबेल, २००४). मोठे गठ्ठे आत्मभक्षणाने, म्हणजे पेशीने स्वतःचाच भाग पचवून, निकालात निघतात (नोबेल, २०१६). अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशींत चुकीच्या घडीच्या प्रथिनांचे साठे सापडतात.

आता मुशीकडे, म्हणजे शार्ककडे वळू. मालवणकडे तिलाच मोरी म्हणतात. अ‍ॅन्फिन्सेननी प्रथिनाची घडी मोडायला वापरलेला युरियाच मुशी आणि पाकट (चपटा रे मासा) आपल्या रक्तात बाळगतात, कारण त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्यांच्या शरीरातले पाणी टिकते. मग त्यांची प्रथिने उलगडत का नाहीत? ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड नावाचा छोटा रेणू त्यांच्या पेशींत साधारण दोन भाग युरियाला एक भाग या प्रमाणात असतो आणि तो घडी सावरून धरतो. मासा मेल्यावर जिवाणू या रेणूपासून ट्रायमिथाइलअमीन बनवतात, तोच मासळीचा हिंवस वास. मुशीला येणारा अमोनियाचा दर्प युरियाचा. कालवणात आगळ किंवा चिंच पडली की आम्लामुळे हा अमीन क्षाररूपात बांधला जातो आणि वास दबतो. घरोघरी जपलेले हे ज्ञान प्रथिनशास्त्राच्या वर्गात सांगितले जावे, असे मनापासून वाटते.

दुसरा प्रश्न खडकावरचा. कालवे आणि शिनाणे (खडकाला चिकटलेले शिंपले) ओहोटीत तासन् तास उघडी पडतात आणि पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, म्हणजे तापमान आणि खारटपणा दोन्हींचा ताण. परदेशी किनाऱ्यांवरील शिंपल्यांत उन्हाळ्यात शॅपरोन आणि युबिक्विटिन लागलेली प्रथिने वाढलेली आढळली आहेत. आपल्याकडे तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जाते, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळी लागते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची ओहोटी उथळ असली तरी भर दुपारी येते. म्हणून वरच्या खडकावरची कालवे वैशाखातल्या अष्टमीला जास्त तापत असावीत. एका पीएच.डी.ला पुरेल एवढा हा प्रश्न आहे.

रेणवीय कामासाठी कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पवईचे आयआयटी आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहेत. समुद्रजीवांसाठी गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय. दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक मिळवणे उत्तम. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन व कमाल सहा वर्षे असून महिलांना दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुणांवर थेट प्रवेशाला पात्र होता येते.

नमुने घेताना घाई लागते. खडकावरून काढलेल्या कालवात शॅपरोनची पातळी बदलत राहते, त्यामुळे ऊतक जागेवरच गोठवावे लागते. द्रव नायट्रोजन शहरातूनच आणावा लागतो असे नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत तो असतो, तिथे विचारून पाहावे. मुशी-पाकटाच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, म्हणून बंदरावर नमुना उचलण्याआधी जात पक्की ओळखावी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, त्या दोन महिन्यांचे काम खडकावरच आखावे. मात्र उधाणाच्या दिवशी कालवे काढणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नये. पावसात वीज जाते तेव्हा उणे ८० अंशांच्या फ्रीजरला जनरेटरची जोड आहे की नाही, हे प्रवेश घेण्याआधीच पाहून ठेवावे.