महाधमनीची झडप, कॅथेटर आणि ‘जोखमीचा रुग्ण’

जोतिबाच्या पायऱ्या चढताना लागणारी धाप वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची सवय कोल्हापुरातल्या अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात सत्तरी-पंचाहत्तरीनंतर हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून तिचे तोंड अरुंद होते, आणि धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर सुरू झाल्यावर उपचाराविना अनेक रुग्ण दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. छाती उघडून झडप बदलण्याची शस्त्रक्रिया १९६० पासून उपलब्ध होती. अडचण होती ती जोखीम फार म्हणून शल्यविशारदांनी नाकारलेल्या रुग्णांची; कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, झडप बसवण्याचा उपचार त्यांच्यासाठी आला.

फ्रान्समधील रूआँ येथील डॉ. आलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये फुग्याने ही झडप ताणून पाहिली, पण काही महिन्यांतच ती पुन्हा आखडत असे. १९८९ मध्ये डेन्मार्कचे डॉ. हेनिंग रुड अँडरसन यांनी हाताने वळवलेल्या तारेच्या जाळीत डुकराची झडप शिवून ती कॅथेटरवरून जिवंत डुकराच्या हृदयात बसवली. त्यांचा लेख मात्र छापून यायला १९९२ उजाडले. माणसात हे प्रथम घडले १६ एप्रिल २००२ रोजी. क्रिबिए यांचा तो रुग्ण ५७ वर्षांचा, रक्ताभिसरण कोसळून शॉकमध्ये गेलेला आणि शस्त्रक्रियेसाठी नाकारलेला होता. झडप उत्तम चालली. रुग्ण सुमारे चार महिन्यांनी इतर गुंतागुंतींमुळे दगावला. या उपचाराच्या कौतुकात हा भाग बहुधा गाळला जातो.

भक्कम पुरावा २०१० च्या ‘पार्टनर’ चाचणीतून आला. शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या ३५८ रुग्णांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत वर्षभरात ५०.७ टक्के, तर नवी झडप बसवलेल्यांत ३०.७ टक्के मृत्यू झाले. पक्षाघाताचे प्रमाण मात्र नव्या झडपेच्या गटात अधिक होते. पुढच्या वर्षी, शस्त्रक्रिया शक्य पण अतिजोखमीची असलेल्यांत दोन्ही पद्धतींनी वर्षभरातले मृत्यू जवळपास सारखेच आढळले. म्हणजे अनेकांना वाटते तशी ‘टाके नकोत’ ही या उपचाराची मूळ प्रेरणा नव्हती; नाकारलेल्या रुग्णांना वाचवणे ही होती. वापी येथे बनलेली ‘मायव्हल’ आल्यापासून देशी झडपही उपलब्ध आहे, तरी खर्च सामान्य कुटुंबाला जड जातोच.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. तरुणपणी संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, फुग्याने मोकळी करतात. ती पद्धत जपानचे डॉ. कांजी इनोउए यांची, १९८० च्या दशकातली. तीत झडप बदलली जात नाही, त्यामुळे शेजारच्या बाईंचा ‘बलून’ आणि आजोबांची नवी झडप यांच्या खर्चाची किंवा धोक्याची तुलना करता येत नाही.