प्रत्याहार आणि ध्यान (विदर्भातील भक्तिपरंपरेत)

डोळे, कान, जीभ आदी इंद्रियांना त्यांच्या विषयांकडून वळवून मन ईश्वराच्या ठिकाणी स्थिर करण्याची साधना. पतंजलींच्या योगसूत्रांत सांगितलेल्या आठ अंगांपैकी प्रत्याहार (इंद्रिये विषयांतून मागे घेणे) हे पाचवे आणि ध्यान हे सातवे. या दोहोंमध्ये धारणा, म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधणे, येते. विदर्भाच्या खेड्यांत योगसूत्रे वाचलेली माणसे थोडीच सापडतील. पण काकड्याला, हरिपाठाला, ज्ञानेश्वरीच्या पारायणाला आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला बसणारी माणसे गावोगाव आहेत आणि त्यांची साधना हीच आहे. इंद्रियांना देवाच्या कामाला लावणे आणि ते चारचौघांसोबत करणे, ही या भागातील साधनेची खरी ओळख होय.

शास्त्राधार पाहता, एकेका इंद्रियाशी वेगळे झुंजायला हे ग्रंथ सांगत नाहीत. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातील ५४ व्या सूत्राप्रमाणे, विषयांशी संबंध सुटला की इंद्रिये जणू चित्ताचेच रूप घेतात. या सूत्रांवरील व्यासभाष्यात यासाठी मधमाश्यांचा दाखला आहे : राणीमाशी उडाली की सगळ्या उडतात, ती बसली की सगळ्या बसतात. चित्त ठिकाणावर आले की इंद्रियेही मागोमाग येतात.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील कासवाचा दृष्टान्त महाराष्ट्रात अधिक परिचित आहे. अवयव आत ओढून घेणारे कासव सर्वांच्या लक्षात राहते. ज्ञानेश्वरांनी मात्र त्याची दुसरी बाजूही पुढे मांडली. ‘कां कूर्म जियापरी । उवाइला अवेव पसरी । ना तरी इच्छावशें आवरी । आपुले आपण ॥’ कासव खुशीत असले की अवयव पसरते आणि मनात आले की आवरून घेते. दोन्ही गोष्टी त्याच्या हातच्या आहेत. प्रपंचातल्या माणसाला ही ओवी फार मोठा आधार देते, कारण त्याला वावरात जायचे असते, बाजार करायचा असतो, लेकरांकडे पाहायचे असते. इंद्रिये कायमची मिटून त्याचे भागणार नाही. ती आपल्या आज्ञेत असली म्हणजे झाले.

लगेच पुढच्या श्लोकात गीता एक अवघड गोष्ट सांगते. उपाशी राहणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत शिल्लक राहते. ती परमतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. तिसऱ्या अध्यायात तर हातपाय आवरून मनाने विषय घोळवीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. उपासतापास आणि मौनव्रते करणाऱ्यांनी हे दोन्ही श्लोक एकत्र वाचायला हवेत.

ही शिल्लक राहिलेली गोडी घालवण्याचा भक्तिमार्गाचा उपाय साधा आहे : तिला अधिक गोड काहीतरी द्यायचे. भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की मनाच्या साहाय्याने इंद्रिये विषयांतून ओढून घ्यावीत आणि बुद्धीला सारथी करून ते मन माझ्याकडे आणावे. आधी सर्वांगाचे ध्यान, मग केवळ हसऱ्या मुखाचे, मग तेही सोडून व्यापक आकाशाचे आणि शेवटी कशाचेही चिंतन नाही, असा हा क्रम आहे. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली. ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. तुकोबांनी तर वाचा, डोळे, कान आणि मन यांना नावे घेऊन कामे वाटून दिली आहेत. ‘तुम्ही घ्या रे डोळे सुख । पहा विठोबाचें मुख’ हा अभंग भजनात म्हणणारा माणूस प्रत्याहारच करत असतो, मग तो शब्द त्याने ऐकलेला असो वा नसो.

विदर्भात या विचाराला जुनी पार्श्वभूमी आहे. महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. ओळखीचा मुलूख सोडून, झाडाखाली राहून परमेश्वराचे स्मरण करण्याची पंथाचे प्रवर्तक चक्रधरांची शिकवण संन्यस्त साधकांसाठी होती. याच जिल्ह्यातील गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५) उदाहरण या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि लेखनिकांना सांगून त्यांनी मोठी ग्रंथरचना केली. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. त्यांच्या मताला मधुराद्वैत म्हणतात. डोळे नसल्याने वैराग्य आपोआप येते असे मानणाऱ्यांना त्यांचे चरित्र चांगले उत्तर आहे. सगुण रूपाची ओढ त्यांच्याकडे इतकी उत्कट होती की अद्वैताच्या मांडणीतही त्यांनी माधुर्याला जागा ठेवली.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ध्यान गावाच्या दिनक्रमात आणले. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, गोंदोड्याच्या जंगलांत त्यांनी एकांतात साधना केली होती. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केल्यावर मात्र पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना अशी शिस्त त्यांनी लावली. समोर कोणा एका देवाची मूर्ती नसते, सजवलेले अधिष्ठान असते. त्यामुळे कोणत्याही जातीचा, पंथाचा माणूस रांगेत बसू शकतो. काही वेळ निःशब्द बसणे, मग ध्यानाच्या महत्त्वावर दोन शब्द, पुढे रामधून आणि ग्रामसफाई असा पहाटेचा क्रम ठरला. ध्यानातून उठलेला माणूस खराटा हाती घेतो, हे जोडकाम मला त्यांच्या शिकवणीतले सर्वांत मोलाचे वाटते. मिथ्याचाराला त्यात फारशी फट राहत नाही.

महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंजात त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली वाहिली जाते. भजन, खंजिरी, दुकानांचा गलबला यांनी भरलेल्या मैदानावर हजारो माणसे एकदम स्तब्ध होतात.

गावपातळीवर साधनेचे वेळापत्रक शेतीला धरून चालते. काकडा आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, म्हणजे सोयाबीनची सोंगणी उरकत असताना आणि कापसाची वेचणी सुरू होताना येतो. हरभरा, तूर उभी असताना रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून राखण करायला पुरुष माणसे रात्री जागलीवर असतात. पहाटेच्या बैठकीला तेव्हा संख्या रोडावते.

आसनासाठी गीतेने दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र सांगितले आहे. मारुतीच्या पारावर सतरंजी किंवा घोंगडी पुरते. खरी अडचण झोपेची आहे. अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांच्या कारिकांमध्ये (श्लोकांमध्ये) साधकाचे दोन अडथळे शेजारी शेजारी ठेवले आहेत : चित्त पेंगू लागले तर जागे करावे, भरकटले तर शांत करावे. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला पहिला अडथळा अधिक छळतो. फार खाणारा आणि अजिबात न खाणारा, फार झोपणारा आणि फार जागणारा यांना योग साधत नाही, असे गीतेचा सहावा अध्याय बजावतो. म्हणून जागलीवरून आलेल्या माणसाने आधी झोप घ्यावी आणि सायंकाळच्या प्रार्थनेला बसावे, हे शास्त्राला धरूनच आहे. बसल्या बसल्या डुलकी लागत असेल तर उभे राहून टाळ हाती घ्यावा आणि हरिपाठ म्हणावा.