पाळी आलेली नाही, बाळ अंगावर पितंय. मग गर्भनिरोधक कधीपासून?

‘अंगावर पाजतेस ना, मग दिवस जायचे नाहीत’ हे बाळंतिणीला हमखास ऐकवलं जातं. यात तथ्य आहे. मात्र त्याला तीन अटी आहेत आणि नेमक्या त्याच सांगायच्या राहून जातात.

बाळ चोखतं तेव्हा स्तनाग्रातल्या मज्जातंतूंमधून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला संदेश जातो. तिथून एरवी ठरावीक अंतराने सुटणाऱ्या संप्रेरकाची लय त्यामुळे बिघडते. मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे बीज सोडवणारं संप्रेरक पुरेसं येत नाही आणि अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही. म्हणजे संरक्षण मिळतं ते चोखण्यातून, आणि तेही दिवसरात्र वरचेवर. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी याच्या अटी पक्क्या केल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत सुरू झालेली नसावी आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवं. तिन्ही पाळल्या तर पहिल्या सहा महिन्यांत शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव बायकांना दिवस जात नाहीत. एक जरी अट मोडली, तरी त्या दिवसापासून दुसरं साधन हवं.

अट मोडते ती बहुधा घरच्यांच्या प्रेमापोटी. चाटवलेल्या थेंबभर गुटीने लगेच बीज सुटत नाही. (मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.) पण गुटीमागून वाटीभर पाणी येतं, मग ‘आईला जरा झोपू दे’ म्हणून रात्रीची वरच्या दुधाची बाटली येते. बाळाचं पोट भरलेलं राहतं, ते कमी चोखतं, दोन पाजण्यांतलं अंतर वाढतं. दिवसा चार तास आणि रात्री सहा तास ही त्या अंतराची मर्यादा. कामावर जाणारी आई दूध काढून ठेवते तेव्हा बाळाला आईचंच दूध मिळतं, पण पंपाने किंवा हाताने दूध काढणं म्हणजे बाळाचं चोखणं नव्हे. तिने या पद्धतीवर एकटीवर विसंबू नये.

‘पाळी येऊ दे, मग बघू’ हा हिशोबही फसवा आहे. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. ते पहिलंच बीज फळलं तर पाळी येतच नाही आणि पोट दिसू लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांतला स्राव पाळीत धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस अंगावरून गेलं तर मात्र ती पाळीच समजायची. बाळाला अजिबात पाजत नसलेल्या आईला तर तीन आठवड्यांपासूनच संरक्षण लागतं.

बाकीच्या साधनांबद्दल पहिला प्रश्न असतो, दूध आटेल का? आटवण्याची शक्यता आहे ती इस्ट्रोजेनची. माला-एन, माला-डी यांसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं संप्रेरक अशी दोन्ही असतात. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात इस्ट्रोजेनची भर नको. म्हणून पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे या गोळ्यांना हातही लावू नये आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत टाळाव्यात. पहिल्या बाळाआधी घेत होते तेच पाकीट पुन्हा सुरू करणं ही नेहमीची चूक.

तांबीचा दुधाशी संबंध नाही. वार पडल्यानंतर दहा मिनिटांच्या आत, नाही तर ४८ तासांच्या आत ती बसवता येते. सिझेरियनमध्ये टाके घालण्यापूर्वी. ती वेळ हुकली की सहा आठवड्यांनी. सरकारी दवाखान्यात मिळणारी कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. लगेच बसवलेली तांबी आपोआप बाहेर पडण्याची शक्यता नंतर बसवलेलीपेक्षा जास्त असते, कारण गर्भाशय झपाट्याने आकुंचन पावत असतं. म्हणून सहा आठवड्यांची तपासणी चुकवायची नाही. सुरुवातीला तांबीचा दोरा हाताला लागला नाही म्हणून घाबरू नये. गर्भाशय लहान होत गेलं की तो खाली येतो. पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या वेळी तांबी बसवत नाहीत.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. आपल्याकडे सव्वा महिना पाळतात, त्यानंतर आठवडाभरात हा मुहूर्त येतो असं लक्षात ठेवायला सोपं. त्याने दूध कमी होत नाही. पाळी मात्र अनियमित होते, कधी थेंबथेंब जात राहतं, पुढे बंदही होते. हे आधी सांगितलं नाही तर बायका दुसरा डोस घ्यायला येत नाहीत. टोचलेली जागा चोळायची किंवा शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. पुढचा डोस दोन आठवडे अलीकडे किंवा चार आठवडे पलीकडे चालतो. थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा वर्षभरातच दुसरं मूल हवं असेल तर हे साधन नको.

‘छाया’ची गोळी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतली. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, प्रोजेस्टेरॉनही नाही, आणि ती पाजताना चालते. घोळ होतो तो वारांचा. पहिली गोळी रविवारी घेतली तर पहिले तीन महिने रविवार आणि बुधवार, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. बुधवारची सवय मोडायला अनेकींना वेळ लागतो, म्हणून कॅलेंडरवर तीन महिन्यांचे दोन्ही वार आधीच गोल करून ठेवावेत. गोळी राहिली तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोधही वापरावा. सात दिवसांहून जास्त उलटले तर पुन्हा आठवड्यातून दोन या पहिल्या पायरीपासून सुरुवात. या गोळीने पाळी लांबते. कावीळ किंवा यकृताचा आजार नुकताच झाला असेल, अंडाशयात गाठींचा त्रास असेल, तर ती देत नाहीत.

निरोध पहिल्या दिवसापासून चालतो. पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असल्याने योनीमार्ग कोरडा पडतो आणि मग हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. तेलाने निरोधाचं रबर (लॅटेक्स) कमजोर होऊन तो फाटतो. पाण्यात विरघळणारं वंगण घ्यावं. फाटलाच तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिच्यासाठी पाजणं बंद करावं लागत नाही.

आणखी मूल नकोच असेल तर बाईची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा मग सहा आठवड्यांनी होते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी, आणि दुधाशी तिचा काडीचाही संबंध नाही. फक्त ती लगेच लागू पडत नाही: तीन महिने निरोध, मग वीर्याची तपासणी, आणि अहवालात शुक्राणू नाहीत असं आल्यावरच मोकळीक.

यातलं काहीही सुरू करायला पाळीची वाट बघत बसावं लागत नाही. सुरुवातीच्या तिन्ही अटी पाळल्या जात असतील आणि त्या साधनाची वर दिलेली वेळ झाली असेल, तर गर्भ नाही असं धरून त्याच दिवशी सुरुवात करता येते. अट मोडली असेल तर लघवीची चाचणी करायची. ती निगेटिव्ह आली तरी अगदी अलीकडचा गर्भ तिच्यात दिसत नाही, म्हणून तीन-चार आठवडे निरोध वापरून ती पुन्हा करायची.