गंभीर मलेरिया आणि मुलांची जनुके : पार्श्वभूमी

किनवट-माहूर भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत मूल ‘एएस’, म्हणजे वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) निघाले, की त्याला मलेरियाची भीती नाही असे समजू नये. १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत वाहक मुलांना संरक्षण मिळते असे दिसले आणि पुढच्या अभ्यासांत त्याचे मोजमाप झाले. फाल्सिपॅरम या जंतूमुळे होणारा मलेरिया गंभीर होण्याचा धोका वाहकांत सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो, पण लागण त्यांनाही होते. ‘एसएस’, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असून प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलांसाठी तर मलेरिया जिवावर बेतणारा. त्यांना ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायलाच हवे.

नव्वदच्या दशकात काहीशे मुलांवरच्या छोट्या अभ्यासांतून अनेक जनुकांवर बोट ठेवले गेले. त्यातली बहुतेक पुढे टिकली नाहीत. २०१९ मध्ये ११ देशांतल्या सुमारे १७,००० जणांची माहिती एकत्र तपासल्यावर खात्रीचे दुवे निघाले पाचच. सिकलसेल आणि रक्तगट त्यातलेच. ‘ओ’ गटाला धोका कमी.

खरा घोळ जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेचा. १९९५ मध्ये ती गंभीर मलेरियाचा धोका जवळपास निम्म्यावर आणते असे मांडले गेले. नंतर कुणाला हा फायदा फक्त मुलींत दिसला, कुणाला कुणातच नाही. कारण ‘गंभीर मलेरिया’ या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी मोजली जात होती : मेंदूचा मलेरिया, ज्यात मूल बेशुद्ध होते, आणि हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली नेणारा तीव्र रक्तक्षय. २०१४ नंतरच्या मोठ्या अभ्यासांत कमतरता असलेल्यांत पहिल्याचा धोका कमी आणि दुसऱ्याचा जास्त निघाला. बेरीज केली की परिणाम दिसेनासा होतो. ही सरमिसळ टाळता आली असती. निदानही कच्चे होते. मलावीत मेंदूच्या मलेरियाने दगावले असे धरलेल्या ३१ मुलांच्या शवविच्छेदनात ७ जणांच्या मृत्यूचे कारण वेगळेच निघाले. रक्तात जंतू होते, पण आजार दुसरा होता.

मराठवाड्यात हे प्रश्न व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विन हे औषध देताना आडवे येतात, कारण कमतरता असेल तर त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. चौदा दिवसांचा कोर्स सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी तपासावे. याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्यात ते गुणसूत्र एकच असल्याने कमतरता स्पष्ट कळते; मुलीत ती अर्धवट असली तर साध्या चाचणीतून निसटते. तांबड्या पेशी नुकत्याच फुटल्या असतील तरी अहवाल फसवतो, कारण नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते. अशा वेळी तीनेक महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. गोळ्या चालू असताना लघवी गडद चहासारखी झाली, तर पुढची गोळी न देता मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे.