वर्गणी कुणाची, गणपती कुणाचा?

श्रावण सरत आला की दाराची बेल वाजते. पावती-पुस्तक घेतलेली चार पोरं उभी असतात. 'काका, यंदा जरा वाढवा.' मग थोडी घासाघीस होते आणि शेवटी पाकीट निघतं. आपल्या सामूहिक सणांचा इतिहास मला या पावती-पुस्तकातच दिसतो. पैसे कोण देणार, आणि दिल्यावर त्याला मखराच्या किती जवळ जाता येणार, याच दोन प्रश्नांभोवती तो फिरत आला आहे.

पेशवाईत शनिवारवाड्यातला गणेशोत्सव थाटाचा असे, पण तो दरबाराचा. खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा आणि लोक बघायला यायचे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तो थाटही गेला. घरोघरचे गणपती राहिले. कोकणात तर घरचा गणपती म्हणजे मूळ घराचा, सगळ्या भावकीचा. शेतं वाटली गेली, चुली वेगळ्या झाल्या, तरी अनेक घराण्यांत गणपती एकच राहिला. मग यंदा आरास कोणाची, मूर्तीचे पैसे कोणाकडे, नैवेद्य कोणत्या घरचा, हे पाळीपाळीने ठरतं. अनेक कुटुंबांनी मिळून सण करायची सवय आपल्याला मंडळांनी लावली असं म्हणतात, पण ती या मूळ घरातही होतीच. फक्त तिथं वर्गणीदार एका रक्ताचे होते.

रक्ताचं नातं नसलेली माणसं एकत्र आली ती पुण्यात. नानासाहेब खासगीवाले यांनी ग्वाल्हेरला दरबारी गणेशोत्सव पाहिला होता. परत आल्यावर त्यांची, भाऊसाहेब रंगारी यांची आणि गणपतराव घोटवडेकरांची चर्चा झाली आणि त्यातून सार्वजनिक गणपती बसू लागले. साल १८९२ की १८९३, पहिला मान रंगारींचा की टिळकांचा, हा वाद १२५ व्या वर्षाच्या निमित्ताने २०१७ मध्ये पुन्हा पेटला. पुण्यात असले वाद शिळे होत नाहीत. टिळकांनी 'केसरी'तून या उपक्रमाला उचलून धरलं आणि १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात स्वतः गणपती बसवला, एवढं पक्कं. पार्श्वभूमीला १८९३ च्या ऑगस्टमधली मुंबईची हिंदू-मुसलमान दंगल होती, आणि लोकांना एकत्र जमवण्यामागे परकीय सरकारला विरोध हाही हेतू होता. मेळ्यांच्या, म्हणजे उत्सवात गाणी म्हणणाऱ्या पथकांच्या, पद्यांतून राजकारण इतकं उघड गायलं जाऊ लागलं की १९१० च्या सुमारास सरकारने मेळ्यांवर निर्बंध आणले.

त्याच १८९३ मध्ये गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत गणपती बसला. मुंबईतला हा पहिला सार्वजनिक गणपती मानतात. १९०१ मध्ये टिळक तिथे येऊन गेले. मूर्ती आजही लहानच असते आणि पालखीतून जाते. चाळ ही या उत्सवासाठी जणू बांधूनच ठेवलेली जागा. सामाईक गॅलरी, मधलं अंगण, कुणाच्या घरात काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक. मग आरतीची टाळ एका बिऱ्हाडाची, समई दुसऱ्याची, मोदक वळायला चार खोल्यांतल्या बायका, आणि रात्री अंगणात नाटक. त्यात पेटी वाजवणारा नेमका वरच्या मजल्यावरचा कारकून.

पण 'सार्वजनिक' या शब्दात सगळे जन होते का? हा प्रश्न दादरला १९२६ मध्ये उघड विचारला गेला. तिथल्या गणेशोत्सवाला वर्गणी सगळ्या हिंदूंकडून घेतली जायची, पूजेचा अधिकार मात्र ब्राह्मणांकडेच. अस्पृश्यांनाही पूजा करू द्या, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आदींनी लावून धरली. ही मागणी झाली त्या दिवशी डॉ. आंबेडकरही हजर होते. प्रबोधनकारांनी तर मूर्ती फोडण्याची धमकी दिली. अखेर तोडगा निघाला: दलित कार्यकर्ते मडकेबुवा यांनी फुलं पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची. अर्धाच हक्क, पण सर्वांसमक्ष मिळालेला. पुढे तो उत्सवच गुंडाळला गेला, आणि प्रबोधनकारांनी त्याच वर्षी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. मुंबईतल्या मंडळांच्या देवीमागे हे भांडण आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर सगळ्या इतिहासात हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

वर्गणीची दुसरी बाजू नवी मुंबईतल्या आग्रोळी गावाने दाखवली. सणापायी घरं कर्जात जातात, हे ओळखून तिथल्या लोकांनी १९६१ मध्ये घरोघरचे गणपती थांबवून गावाचा एकच गणपती बसवला. 'एक गाव एक गणपती' ही घोषणा सरकारी मोहिमांमध्ये पुष्कळ नंतर आली.

दरम्यान वर्गणी कायद्याच्या चौकटीतही आली. नोंदणी नसलेल्या मंडळाला पैसे गोळा करायचे तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते. काढतात किती, हा वेगळा विषय.

गिरगावातल्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. अंगणाच्या जागी पोडियम आणि एक वातानुकूलित हॉल. अनेक सोसायट्यांत वर्गणी आता मेंटेनन्सच्या बिलातच लावतात. मागायला कुणी येत नाही आणि घासाघीसही होत नाही. आरतीला मात्र, लिफ्टमध्ये रोज भेटूनही नाव माहीत नसलेली माणसं शेजारी उभी असतात, आणि 'घालीन लोटांगण' सुरू झालं की सगळी एकदमच फिरतात.