बोट कुठलं, पोट कुठलं?

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर वरखाली व्हायला लागली की घरात पहिला संशय जेवणावर, नक्की चोरून पेढा खाल्ला असणार, मग इन्सुलिनवर, फ्रीजबाहेर राहिलं होतं का वगैरे, आणि सुई रोज नेमकी कुठे टोचली जातेय हे मात्र कोणी विचारत नाही. बऱ्याचदा गोची तिथेच असते.

टोचायच्या जागा चार: पोट, मांडीची पुढची-बाहेरची बाजू, दंडाचा मागचा भाग आणि कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग. पण चारही ठिकाणांहून इन्सुलिन सारख्या स्पीडने रक्तात जात नाही, पोटातून सगळ्यात फास्ट, दंडातून जरा कमी, मांडी आणि कुल्ल्यातून सावकाश. हा फरक जुन्या ह्यूमन इन्सुलिनला जास्त, नव्या, रचना थोडी बदललेल्या अॅनालॉग प्रकारांना बराच कमी. आपल्याकडे बरेच लोक दोन वेळा ३०-७० मिक्स (३० टक्के झटपट आणि ७० टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन) घेतात, त्यात सकाळी पोट आणि रात्री मांडी असं सांगतात ते याच हिशोबाने. आज पोट उद्या दंड परवा मांडी असं मनाला येईल तसं केलं तर डोस तोच, जेवण तेच आणि आकडा मात्र रोज वेगळा. आणि मांडीत टोचून लगेच वॉकला निघायचं नाही, चालताना तिथला रक्तपुरवठा वाढतो, इन्सुलिन भराभर ओढलं जातं आणि वाटेतच शुगर उतरून, घाम फुटून हातपाय थरथरायला लागू शकतात.

आता मुख्य गोष्ट, गाठी. इन्सुलिन चरबी साठवायला लावतं, त्यामुळे रोज त्याच जागी टोचलं की तिथे चरबीची गाठ धरते, एकच सुई पुन्हा पुन्हा वापरली तर अजूनच. गंमत अशी की गाठीत टोचलेलं कमी दुखतं, म्हणून माणूस नेमका तिथेच टोचत राहतो! पण गाठीतून इन्सुलिन कधी निम्मंशिम्मं शोषलं जातं, कधी एकदम. बघायचं असेल तर अंघोळीच्या वेळी साबणाचा हात बेंबीच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवा, गाठ डोळ्यांना दिसली नाही तरी बोटांना रबरासारखी लागते. सापडली तर ती जागा काही महिने सोडून द्यायची, पण परस्पर नाही, कारण चांगल्या जागी तोच डोस पूर्ण शोषला जाईल आणि शुगर धाडकन खाली येईल, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या. हे लोकांना कोणी सांगतच नाही.

पुन्हा गाठ होऊ नये म्हणून पोटाचे मनातल्या मनात चार भाग करायचे, एका भागात एक आठवडा, आणि प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून निदान १ सेंटीमीटर सरकायचं. सुई ४ मिलीमीटरची पुरते, अगदी जाड माणसालाही, कारण कातडी साधारण २ ते २.५ मिलीमीटरच असते, चरबी तिच्या लगेच खाली. लांब सुई बारीक माणसाच्या स्नायूत जायची भीती.

रक्त तपासायचं ते मात्र बोटाच्या टोकाला, तेही मधोमध नाही, कडेला. मधोमध जास्त दुखतं आणि नंतर दिवसभर भांडी घासताना, मोबाइल दाबताना ठणकत राहतं. मधलं बोट, अनामिका, करंगळी आलटून पालटून घ्या. त्याआधी हात पाण्याने धुवा, हे फॅड नाही, आंबा कापून हात न धुता तपासलं तर मीटर आंब्याच्या रसातली साखरही मोजतं आणि भलताच आकडा येतो, नुसतं स्पिरिट पुसून ती जातेच असं नाही. हात धुवून कोरडे करायचे.

काही मीटरवर हाताच्या पुढच्या भागातून, म्हणजे कोपराच्या खालून, रक्त घेता येतं, दुखतंही कमी. पण तिथलं रक्त मागे पडतं, शुगर भराभर वाढत किंवा उतरत असेल तर बोटात आलेला बदल तिथे वीस-तीस मिनिटांनी दिसू शकतो. उपाशीपोटी ठीक, पण जेवणानंतर, व्यायामानंतर किंवा लो, म्हणजे शुगर फार उतरल्यासारखं, वाटत असेल तर बोटच.

दंडावर चिकटवायचे, दिवसरात्र शुगर दाखवणारे सेन्सरही रक्तातली शुगर मोजत नाहीत, पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतात, म्हणून तेही काही मिनिटं मागे असतात. आणि रात्री त्याच कुशीवर झोपलं की सेन्सर दाबला जाऊन खोटाच लो दाखवतो, अलार्म वाजतो, सगळं घर उठतं. तेव्हा कूस बदला, बोट टोचून बघा, पण घाम, थरथर असं काही होत असेल तर तपासत बसू नका, आधी साखर खा.