पीएफके-२/एफबीपेज-२: एका साखळीवर दोन कामं

जळगाव-धुळ्याकडच्या एम.एस्सी.च्या वर्गांत पीएफके-२/एफबीपेज-२ हे विकर (एन्झाइम) बहुधा एका वाक्यात आटोपतं: ‘ग्लुकागॉन आलं की कायनेज बंद, फॉस्फेटेज चालू.’ ग्लुकागॉन म्हणजे उपाशीपोटी वाढणारं संप्रेरक. कायनेज फॉस्फेट जोडतं (इथे पीएफके-२), फॉस्फेटेज तो काढतं (इथे एफबीपेज-२). यकृतापुरतं ते बरोबरच आहे. पण या वाक्यामागे सात-आठ वर्षांचं भांडण आहे आणि ते पाठ्यपुस्तकातून पार पुसलं गेलंय.

ग्लुकागॉनने यकृतातलं ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज मोडण्याची वाट, मंदावतं, हे १९७०च्या दशकात पक्कं होतं. त्या वाटेवरच्या नियंत्रक विकराला, पीएफके-१ला, तो निरोप पोचवतं कोण, ते मात्र कळत नव्हतं. एटीपी, एएमपी, सायट्रेट या पेशीतल्या नेहमीच्या नियंत्रक रेणूंच्या पातळ्यांतून हिशेब लागेना. अडचण अर्क काढण्याच्या रीतीतच होती. ऊतीचा तुकडा परक्लोरिक आम्लात कुटायचा, हा तेव्हाचा सर्रास रिवाज. पीएफके-१ला चेतवणाऱ्या फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट या रेणूच्या दुसऱ्या कार्बनवरचा फॉस्फेट आम्लात काही मिनिटांत सुटतो. मागे उरतं फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, आणि ते पेशीत असतंच, त्यामुळे संशय यायला जागा नाही. १९८०मध्ये बेल्जियममधल्या एका गटाने अर्क आम्लाऐवजी अल्कलीत काढला आणि निरोप्या हाती लागला. त्याच सुमारास अमेरिकेतले गटही तिथवर पोचले. श्रेय कुणाला किती, यावर पुढे बरीच शाई खर्च झाली. माझ्या मते मोठेपण त्या अल्कलीचं.

रेणू सापडला, की तो बनवणारं आणि मोडणारं विकर शोधणं ओघानेच आलं. खरा वाद इथून सुरू होतो. यकृतातून पीएफके-२ शुद्ध करत नेलं, तर शुद्धीकरणाच्या प्रत्येक स्तंभातून त्याच्यासोबत फॉस्फेटेजही बाहेर पडे. काहींनी लगेच ‘एकच प्रथिन, दोन कामं’ असं जाहीर केलं. शंका घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की दोन वेगळी प्रथिनं एकमेकांना चिकटून येत असतील, नाहीतर शुद्धीकरण अपुरं असेल. ही शंका मुळीच खुळचट नव्हती. सोबत वाहणं म्हणजे एक असणं नव्हे, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

तिसरा गट त्याहून चलाख होता. त्यांचा युक्तिवाद असा, की सक्रिय जागा (जिथे क्रिया घडते ती) एकच आहे आणि फॉस्फेटेज म्हणजे कायनेजचीच उलटी चाल. हा तर्क आधी पडला. प्रथिनातल्या थायॉल (गंधकयुक्त) गटांवर हल्ला करणाऱ्या रसायनांनी कायनेज निकामी व्हायचं आणि फॉस्फेटेज शाबूत राहायचं, म्हणजे जागा दोन. शिवाय फॉस्फेटेज काम करताना फॉस्फेट आधी प्रथिनातल्या हिस्टिडीन या एका अमिनो आम्लावर येऊन बसतो. कायनेजला त्या थांब्याची गरजच पडत नाही.

उरला प्रश्न प्रथिन एक की दोन. ग्लुकागॉनमुळे जागं होणाऱ्या, चक्रीय एएमपीवर चालणाऱ्या दुसऱ्याच एका कायनेजने प्रथिनातल्या एकाच सेरिनवर (हेही अमिनो आम्लच) फॉस्फेट लावला, की एक क्रिया घटे आणि दुसरी वाढे. ‘एकच प्रथिन’वाल्यांचा हा हुकमी एक्का होता. तरी निकाल लागला तो १९८७च्या सुमारास, उंदराच्या यकृतातल्या विकराचा पूर्ण क्रम हाती आल्यावर. ४७० अमिनो आम्लांची एकच साखळी. पुढचा अर्धा भाग कायनेजचा, मागचा फॉस्फेटेजचा, आणि हा मागचा भाग चक्क फॉस्फोग्लिसरेट म्युटेज या वेगळ्याच विकराच्या घराण्यातला. कधीकाळी दोन जनुकं जोडली गेली असावीत, हे तेव्हाच दिसू लागलं. १९९६मध्ये वृषणातल्या प्रकाराची स्फटिकरचना आली, तेव्हा आणखी एक अंदाज चुकला. कायनेजचा भाग पीएफके-१सारखा असेल असं धरून चालले होते. निघाला तो अॅडेनिलेट कायनेज या वेगळ्याच विकराच्या वळणाचा. दोन साखळ्या कायनेजच्या अंगाने एकमेकींना भिडतात, फॉस्फेटेजचे भाग बाहेरच्या बाजूला सुटे राहतात.

यीस्टमध्ये ही दोन्ही कामं वेगवेगळ्या प्रथिनांकडे आहेत. म्हणजे जोडणी अपरिहार्य नव्हती. जोडणीचा फायदा तो एक सेरिन. एकादशीच्या उपवासात ग्लुकागॉन वाढलं, की सेरिन-३२वर (साखळीतल्या ३२व्या जागेवरच्या सेरिनवर) फॉस्फेट बसतो, २,६-बिसफॉस्फेट ओसरतं आणि यकृत ग्लुकोज बनवायला लागतं. आखाजीला मांडे आणि आमरस दणकून झाला, की तोच फॉस्फेट काढला जातो आणि गाडी उलट दिशेने चालू लागते.

आता सुरुवातीच्या त्या एका वाक्याच्या पाठांतराबद्दल. सस्तन प्राण्यांत या विकराची चार जनुकं आहेत. हृदयातल्या प्रकारात फॉस्फेट साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसतो आणि कायनेज उलट वाढतं. कंकाल स्नायूतला प्रकार यकृताच्याच जनुकातून येतो, पण त्यात सेरिन-३२ नसतोच. परीक्षेत ‘फॉस्फेट लागला म्हणजे कायनेज बंद’ असं सरसकट लिहिणारा विद्यार्थी हृदयाच्या बाबतीत नेमका उलटा ठरतो.

तिसऱ्या जनुकाचं प्रथिन जवळजवळ निव्वळ कायनेजच, फॉस्फेटेज नावापुरतं. ऑक्सिजन कमी पडला की ते वाढतं, आणि अनेक गाठींमध्येही वाढलेलं सापडतं. त्यामुळे गेल्या वीसेक वर्षांतलं बरंचसं लेखन कर्करोगाकडे वळलं. २००८मध्ये त्याला रोखणारं म्हणून एक संयुग गाजलं, त्यावर प्रबंधांची रांग लागली, आणि पुढे तपासात ते संयुग या प्रथिनाला चिकटतच नसल्याचं दिसलं. यकृताचं मूळ काम त्या गर्दीत मागे पडलं, हे मला खटकतं.

वनस्पतींतही हे दुहेरी विकर आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण काढायला रावेर-सावद्याची केळी पिकवणारी रायपनिंग चेंबरं पुरेशी आहेत. क्रेटमध्ये रचलेल्या हिरव्या फण्यांना १६ ते १८ अंशांत इथिलीन दिलं, की गरातलं वीसेक टक्के स्टार्च काही दिवसांत साखर होऊन जातं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथिलीन दिलेल्या केळ्यांतही २,६-बिसफॉस्फेट मोजलं गेलं. केळ्यात ग्लुकागॉन नाही, आणि तिथल्या एटीपीवर चालणाऱ्या पीएफकेला हा रेणू चेतवतही नाही. तो चेतवतो पायरोफॉस्फेटवर चालणाऱ्या वेगळ्याच विकराला, आणि ते विकर दोन्ही दिशांनी चालतं.